पोचा

गुरुवारी साडेसहा. हडर्सफील्डच्या चर्चमागची खोली,
हीटर फक्त आवाजापुरता चालू.
आठ खुर्च्या. बोलणं चाललेलं
पार्किंगवर, बसच्या संपावर.
मी म्हटलं, "आज सगळे फारच गोड बोलताय."

तशी क्लाइव्हने कचऱ्याच्या डब्याला लाथ घातली.
पत्रा भिंतीवर जाऊन आपटला.
"आमचं ऐकायचा पगार घेतेस तू!"
बोट थेट माझ्यावर.

कुणी उठलं नाही. मीही नाही.
खुर्चीची कड धरलेली माझी बोटं
मला नंतर दिसली, पांढरी पडलेली.
"घेते," मी म्हटलं. "आणि आत्ता घाबरलेय."

वर्षभर फक्त हवापाण्यावर बोलणारी मॉरीन
हळूच म्हणाली, "डबा आपटला ना,
बरं वाटलं मला. मीच मारल्यासारखं."
आणि स्वतःच दचकली.

पुढच्या गुरुवारी क्लाइव्ह सगळ्यांच्या आधी हजर,
डबा मांडीवर,
आतून ठोकून ठोकून
पोचा जवळजवळ काढलेला.

मॉरीनने डबा घेतला, फिरवून पाहिला,
पत्र्यावर अंगठा दाबत राहिली.
"विचारायचंस तरी," तिचा आवाज चढला,
"तो काय तुझ्या एकट्याचा होता?"