उभी अक्षरं

मुंडगोडच्या मठातला मंगोल भिक्षू
दात दाखवायला बेळगावात आला
आणि खडेबाजारात माझ्या शिडीखाली थबकला.
मी हुंदरेंच्या कापडदुकानाचा जुना बोर्ड पुसत होतो;
आता कन्नड हातभर, मराठी बोटभर.

त्यानं ब्रश मागितला.
कडेच्या कोऱ्या पट्टीवर आईचं नाव, ओयुन,
वरनं खाली सोडलं,
विहिरीत पोहरा सोडावा तसं.

मोडक्या हिंदीत म्हणाला,
ही लिपी आमची नव्हे, उइगुरांची.
घोडी आमच्याकडं होती, लिहिणारं कोण नव्हतं.
हरलेल्यांतल्या एका कारकुनानं शिकवलं.
मग आजोबांच्या वेळी हुकूम निघाला,
रशियन अक्षरांत लिहा.
आजोबांनी पोथ्या चुलीजवळ पुरल्या,
वर तंबू ठोकला
आणि मरेस्तोवर तिथनं हलले नाहीत.

मी काय बोलणार?
आमच्या ट्रंकेत आज्ज्याची मोडीतली वही आहे.
जमिनीची का उधारीची,
कुणाला ठाऊक.

दाताची वेळ झाली, तो गेला.
हुंदरे बाहेर येऊन विचारतायत, हे काय मधेच?
म्हटलं, ऱ्हाऊ दे की हो.
कन्नड नव्हे, मराठी नव्हे,
बघू तर, ह्याला कुठला नियम लावतायत.