रेघ

परभणीत डोंगर नाही.
जिंतूरच्या रस्त्याला लागल्यावर कुठं
जमीन जराशी कूस बदलते.
थेटरात मात्र मला रोज डोंगर लागतात,
पडद्यावर, श्वासागणिक एक :
चढ, माथा, उतार.

सुभद्राबाई चारठाण्याची. पित्ताचे खडे.
आत येण्याआधी तिनं मोरणी काढून नवऱ्याकडं दिली.
त्यानं ती उपरण्याच्या टोकाला गाठ मारून बांधली
आणि मला विचारलं, "उठंल ना?"
हो म्हटलं. रोज म्हणते तसं.

नळी गेली. निदान मला तसं वाटलं.
पडद्यावर रेघ आली, सपाट,
पेरणीआधीच्या काळ्या रानासारखी.
म्हटलं, सेन्सरच गेला असणार,
मागच्या महिन्यातही गेला होता,
मागणीपत्र अजून स्टोअरलाच पडून आहे.
ऑक्सिजन बघा ना, अठ्ठ्याण्णव.
आधी भरून ठेवलेला श्वास
तीन-चार मिनिटं उधारीवर चालतो,
हे मीच शिकवते पोरांना.

सर्जन हात धुऊन उभे.
मुंजाजी ढवळे, लादी पुसणारा, ट्रॉली ओढणारा,
ज्याला इथं कुणी काही विचारत नाही,
दारापाशी म्हणाला, भिंतीला सांगावं तसं,
"म्याडम, पोट फुगायलंय."

आणि बीप एक सूर खाली उतरला.
मग आणखी एक.
नव्वद. ब्याऐंशी. एकाहत्तर.
नळी बाहेर. मास्क. मी दोन्ही हातांनी जबडा धरलेला,
सिस्टर पिशवी दाबतायत,
आकडा वर सरकेपर्यंत
माझ्या स्वतःच्या श्वासाचं मला आठवत नाही.
पुन्हा नळी.
पडद्यावर एक डोंगर. ठेंगणा.
मग त्याच्या मागे दुसरा.

रजिस्टरमध्ये "विशेष काही नाही" लिहिता आलं असतं.
तो रकाना त्याचीच वाट बघत असतो.
मी लिहिलं, नळी अन्ननलिकेत.
लक्षात आणून देणारा : मुंजाजी ढवळे, सफाई कामगार.
पेन दोनदा थांबलं, खोटं कशाला बोलू.

बाहेर जाऊन नवऱ्यालाही सांगितलं, सगळं.
तो गाठ सोडत होता. सुटेना, म्हणून दात लावले.
"पर उठली ना?"
"उठली."
"च्या देऊ का मंग?"
"एवढ्यात नको."

आता नळी घातली की मी मोठ्यानं विचारते,
काय दिसतंय?
सर्जन घड्याळाकडं बघतात.
मुंजाजी फडकं बादलीत सोडतो,
हात पाठीला पुसतो
आणि पडद्याकडं बघत राहतो,
काही घाई न करता.