फक्त पेन्सिल

सेंट जॉन्सच्या दफ्तरखान्यात शाईला मज्जाव आहे.
पेन काढून घेतात, ओला कोट खुंटीला,
आणि हाती देतात बोटभर पेन्सिल.
साठी उलटलेली मी, छत्तीस वर्षं शाळेची बस हाकलेली,
पहिलीतल्या पोरीसारखी ती मुठीत धरून बसले.

अझरायाह रिडाउट. गनेट कोव्ह. धंदा मासेमारी.
वय वीस. उंची पाच फूट चार.
छाती तेहतीस इंच, फुगवून पस्तीस.
डोळे निळे. दात बरे.
ओळखीची खूण : डाव्या अंगठ्यावर गळाचा व्रण.
एवढं तर त्याच्या आईनंही कधी मोजलं नसेल.

पुढची पानं हिशेबाची.
चमचा एक, हरवला. कापले दोन पेन्स.
टोपी एक, खंदकात. कापले.
मोज्यांचे दोन जोड; ते मात्र माफ.
खोटं कशाला बोलू, मी शौर्य शोधायला आले होते,
एखादं पदक, निदान एखादी ओळ,
जुलैच्या पहिल्या तारखेला कोटाला निळं फूल टोचताना
शेजारणीला सहज सांगता येईल अशी.
मिळाला चमचा.

पण माझं घोडं अडलं होतं दुसरीकडेच.
घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर
पाद्र्याच्या हातची तपकिरी पडलेली शाई :
अझरायाह, जन्म अठराशे शहाण्णव,
मृत्यू पुढच्याच हिवाळ्यात, घटसर्प.
दहा महिन्यांचं पोर.
त्यानं कुठल्या अंगठ्यात गळ रुतवून घेतला?

त्याखाली लेम्युएल, जन्म एकोणीसशे.
पुढे एक आडवी रेघ, आणि रेघेपुढे काहीच नाही.
लेम बॉस्टनला गेला, असं आमच्यात म्हणायचे
आणि विषय वाऱ्यावर, मग कॉड माशावर न्यायचे.

चार वाजत आले. बाहेर गाडीचं मीटर संपत आलेलं.
फाईलच्या तळाशी पत्र, वहीचं पान फाडून लिहिलेलं,
अक्षर मास्तरीणबाईंचं, सहीच्या जागी आईची फुली.
'साहेब, मुलाच्या पगारातले महिन्याचे अठरा डॉलर
ऑगस्टपासून आले नाहीत. पीठ संपलं आहे.
माझा लेम'
इथे शाई अडखळते.
नावावर रेघा ओढल्यात, इतक्या दाबून
की शंभर वर्षांनी मागून बोट फिरवलं तरी लागतात.
'माझा अझरायाह कुठे आहे ते कळवावे.'

म्हणजे सोळा वर्षांचं पोर
मेलेल्या भावाचं नाव अंगात घालून गेलं,
थोरल्याचा कोट धाकट्याला होतो तसं,
बाह्या जरा लांब.
आणि तिला ठाऊक होतं.
सांगावं तर पैसे बंद, पोर खोटं ठरणार.
न सांगावं तर तान्हेपणी पुरलेल्याचीच
तार येणार दारात.
आली. नोव्हेंबरात. तिची प्रत आहे फाईलमध्ये.
कुणाचं नाव घेऊन रडली असेल
ते कागदावर नाही.

मेल्बा आत्या नव्वदीची, गँडरच्या वृद्धाश्रमात.
मी पत्र पुढे केलं; चष्मा नको म्हणाली.
'अंगठा डावा का?'
'डावा.'
'तो गळ आमच्या बाबांच्या हातून लागलेला. सहा वर्षांचे होते ते.
मरेपर्यंत मध्येच म्हणायचे, लेमचा अंगठा,
आणि गप्प व्हायचे.
मला वाटायचं, एवढं काय त्या अंगठ्याचं.'

बायबल तिच्या मांडीवर, पहिलं पान उघडं.
पेनासाठी खिसा चाचपला
तर निघाली ती दफ्तरखान्याची पेन्सिल,
चुकून आलेली, परत करायची राहिलेली.
रेघेपुढे लिहायला लागले : फ्रान्स, एकोणीसशे सोळा.

दाबून लिही, आत्या म्हणाली.