ड्रम फिरतोय, पण

ड्रम फिरतोय. आवाजही रोजचाच,
शर्टांची बटणं काचेवर टकटकत घसरतात,
पण पाऊण तासाने हात घालावा
तर चादरी तशाच,
ओल्या कुत्र्यासारख्या अंगाशी येणाऱ्या.

कळंगुटच्या तीन लॉजांचे टॉवेल,
एका लग्नाचे अठ्ठेचाळीस टेबलक्लॉथ,
आणि लग्न उद्यावर.

मी मूळचा डंपरवाला.
खाण बंद पडली, डंपर विकला,
त्या पैशांत एका हॉटेलचा हा जुना ड्रायर आला.
बिघाड म्हटला की अजून आधी डिझेल आठवतं.

बोर्ड पाहिला. तिन्ही फेज जिवंत.
जाळी ओढून काढली, तिच्यावरची साय सोलली,
राखाडी, निळसर, मध्ये चमकणारी वाळू,
कोणाकोणाच्या सुट्ट्यांची.
पुन्हा चालू केला. पुन्हा गार वारा.

मग साळगावहून इनास आला.
वीस वर्षं बोटीच्या पोटात त्याने कपडे सुकवलेत.
बिस्किटांच्या डब्यातून मीटर काढला,
मागचा पत्रा खोलून
आठही स्क्रू माझ्या बशीत ठेवले, चहासकट.
हीटरच्या गुंडाळीला दोन टोकं लावली,
मीटर बोलला.
बाजूच्या बोटभर फ्यूजला लावली,
मीटर गप्प.

‘हा मेला.’
‘मग नवा घाल.’
‘घालतो रे. पण मेला कशान?’

मी सांगितलं, घाटात फ्यूज उडाला
की सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायची
आणि गाडी हाणायची.
इनासने माझ्याकडे असं पाहिलं
जसं पाद्री पाहतो प्रवचनात घोरणाऱ्याकडे.
‘हांगा ही रुई पेटता,’ एवढंच म्हणाला,
आणि मागच्या दाराने बाहेर गेला.

विहिरीकडच्या भिंतीत पाइपचं तोंड.
ऑगस्टात पंधरा दिवस धंदा बंद होता, तेवढ्यात
कुंभारीण माशीने झडप लिंपून टाकली होती,
तांबड्या मातीच्या पाच कोठ्या, एकीला एक चिकटून.
पाइपात मागे रुईचा बोळा,
ओढत गेलो, संपेचना, हातभर, दोन हात.
आत ताप होताच, म्हणाला इनास,
जायला वाट नव्हती. म्हणून जळला तो बिचारा.

कोठ्या मीच खरवडल्या, पान्याने.
आत अर्धमेले कोळी, आणि एक पांढरी अळी.
माती नखांत बसली,
अगदी आमच्या खाणीच्या रंगाची.

नवा फ्यूज, तीनशे चाळीस रुपये.
जुना इनासने खिशात टाकला, का ते विचारलं नाही.

आता पाइपाच्या तोंडाशी तळवा धरून उभा आहे.
ऊन ऊन वारा, ओल्या सुताचा वास.
टेबलक्लॉथ आत सुटे होऊ लागलेत.
आणि ती आली,
पायांत मातीची गोळी धरून,
झडपेसमोर थांबली, बाजूला झाली,
पुन्हा समोर.
भिंत तीच, विहीर तीच.

मी हात काढला नाही.
बराच वेळ ती माझ्या मनगटाभोवती
जागा शोधत होती.