लोखंडाचा कीस

फॉर्मवर प्रश्न चौदा. उत्तरं दोनच, हो किंवा नाही.
इच्छाराम भारंबे, वय एकोणसत्तर, राहणार भुसावळ,
सोमवार-गुरुवार डायलिसिस.
मानेतून शिरलेली नळी, कातडीखालून छातीपर्यंत,
बाहेर तिची दोन टोकं, एक लाल, एक निळं,
गॉजमध्ये गुंडाळून बंडीच्या आत
पासबुकासारखी जपलेली.

बाहेर जळगावचा मे, सेहेचाळीस.
माझ्या खोलीत अठरा.
"इतकं गार तं लोकोशेडच्या सायबाचं हापिसबी नव्हतं," ते म्हणाले.

मी विचारलं, नळीत धातू आहे का?
"मले काय माहीत, पोरी?
घातली तवा मी झोपेल होतो."

लोकांना वाटतं मशीन बंद केलं की चुंबकही बंद.
तो बंद होत नाही.
वीज गेली, बॅटरी संपली, तरी जागाच.
एका वॉर्डबॉयच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा
त्याच्याआधी आत पोचला होता.
कडेवर ओरखडा आहे अजून.
रंगवायला माणूस आला तर मी म्हणते, तेवढं सोड.

भुसावळला फोन लावला.
डायलिसिसचा मुलगा म्हणाला, "मॅडम, प्लास्टिकच असतं ते."
असतं नको. कंपनी सांग, नंबर सांग.
पाऊण तास. दोन चहा.
फाईल सापडली, फाईलमध्ये संमतीपत्र,
संमतीपत्राच्या पाठीवर स्टिकर, अर्धं फाटलेलं,
शेवटचे तीन आकडे कुणाच्या तरी बोटाला चिकटून गेलेले.
मग पुण्याचा वितरक, मग त्याचा साहेब,
मग मेलवर एक पान:
नळी प्लास्टिकची, चिमट्यात पातळ कडी,
आमच्या मशीनच्या ताकदीला चालेल,
सशर्त.

सशर्त. हा शब्द मला आवडतो.
लग्नपत्रिकेत छापायला हवा.

रेडिओलॉजिस्टना विचारून रंगाचं इंजेक्शन रद्द केलं,
या मूत्रपिंडांना ते पेलणार नाही.
त्यांनी करदोडा सोडला, तांब्याचं कडं, ताईत,
कवळी रुमालात बांधून बायकोच्या हाती दिली.
तोंड एकदम लहान झालं.

राहिला प्रश्न अकरावा.
धातू घासण्याचं, कापण्याचं काम केलंय का?
"बावीस वरीस ग्राइंडर."
डोळ्यात कधी काही उडालं?
"नही."
माझं पेन 'नाही'च्या चौकटीवर टेकलंच होतं.

"काऊन खोटं बोलता?" दारातून द्वारकाबाई.
"बेबीच्या बारशाले डोया लाल करून आले ते कोन व्हतं?"
"ते तं काढलं."
"कोनी काढलं? शेडमधल्या फिटरनं. रुमालाच्या टोकानं."

बेबी आता छत्तीस वर्षांची, सुरतेला असते.

डोळ्याचा एक्स-रे केला.
बुबुळाच्या मागे, बाजूला,
एक ठिपका, पांढरा, तिळाएवढाही नाही.
नळीसाठी आम्ही तीन गावं हलवली
आणि हा इथे गप्प बसून होता,
बारसं, बदल्या, निवृत्ती, मोतीबिंदू सगळं बघत.
आत घेतलं असतं
तर चुंबकाने पहिली हाक त्याला मारली असती.

एमआरआय रद्द. सीटी करू, इंजेक्शनशिवाय.
मी फॉर्मवर 'हो' लिहिलं. हात थोडा हलला, ते दिसतंय.

त्यांनी एक्स-रेची फिल्म मागून घेतली.
उजेडाकडे धरून बराच वेळ पाहत राहिले.
"रेल्वेनं निवृत्तीले घड्याय देल्हं, ते बंद पडलं.
हे तं टिकलं."

जाताना काचेपाशी थांबले.
पलीकडे तो पांढरा, गोल, तोंड उघडं टाकलेला.
एक हात छातीवर, नळीच्या टोकांवर,
दुसऱ्यानं डोळा झाकून
त्याला म्हणाले,
"राहू दे भो. तुले नही देत."