परसातली अकरा दारं

आधी परसात काही नव्हतं.
म्हणजे कपड्यांची तार होती,
तळ फुटलेला टब, गुडघाभर खाजरं गवत,
आणि कुंपणापलीकडे आल्प्स.
ते कुणी बांधलेले नव्हते,
म्हणून बाबांना त्यांचं विशेष कौतुक नव्हतं.

पोलादाच्या कारखान्यातून सुटल्यावर आठव्या दिवशी
येर्नेय क्लिनार, माझे वडील,
चार खुंट्या आणि सुतळी घेऊन गवतात शिरले.
मी ओळंबा धरला. चाळिशीची मी,
ल्युब्लियानाहून रविवारपुरती आलेली, चांगल्या बुटांत.
"इथे मधमाश्यांचं घर," ते म्हणाले.
"आणि माणसांना बसायला?" आईने खिडकीतून विचारलं.
"नंतर."

लार्चच्या फळ्या. खाच आणि खुंटी, खिळा एकही नाही.
रंध्यातून कुरळे छिलके पडायचे,
कोंबड्या खायला धावायच्या,
फसायच्या, आणि उद्या पुन्हा धावायच्या.
शेजारचा ब्लाझ कुंपणावर कोपरं टेकून विचारी,
"हे शोभेला, की उपयोगाला?"
बाबा तोंडातली पेन्सिल काढत,
विचार करत,
परत तोंडात घालत.

उत्तर आईने दिलं, ब्रशाने.
अकरा पेट्या, अकरा दारं,
दर दाराच्या कपाळावर एक चित्राची पाटी.
गोगलगायीवर स्वार झालेला पोस्टमन.
कपडे धुण्याचं यंत्र पाठीवर नेणारं अस्वल.
कोल्ह्याला पाव विकून
सुटे पैसे दोनदा मोजून घेणारा ससा.
आमची झुर्का आत्या, शेपटीसकट.
(आत्याने ती ओळखली नाही. फार आवडली तिला.)
लाल रंग मात्र कुठेच नाही.
"माश्यांना लाल दिसत नाही," आई म्हणाली,
"त्यांना तिथे नुसता अंधार वाटतो.
निळं लाव, पिवळं लाव, पांढरं लाव.
दमून आलेलीला
आपलं दार लांबून कळलं पाहिजे."
ब्लाझने मान डोलावली
आणि पुढच्या आठवड्यात आपलं गॅरेज रंगवलं.
लालभडक.

तिसऱ्या उन्हाळ्यात बाबांच्या नजरेचा मधला भाग गेला.
कडा शाबूत, मधोमध धुकं.
माणसाकडे बघायचं तर कोंबडीसारखी मान वळवायची.
पेट्यांचं काम अडलं नाही,
कोणती उपाशी, कोणती राणीवाचून,
ते कान लावून सांगत.
अडलं ते परतीच्या वाटेवर.
एका संध्याकाळी पेट्या झाकून ते निघाले
आणि ब्लाझच्या अंगणात जाऊन
त्याच्या दाराची कडी शोधत राहिले.
ब्लाझने दार उघडलं,
जांभळाएवढ्या पेल्यात प्लमची दारू ओतली,
हवामानाच्या गप्पा मारल्या आणि घरापर्यंत सोबत आला.
"सहज गेलो होतो," बाबा म्हणाले.
सहजच, आम्ही म्हणालो.

आईने रंगांचे डबे पुन्हा काढले.
पायऱ्यांच्या कडा पिवळ्या.
वाटेच्या डाव्या हाताला खांब रोवले, निळे,
त्यांवर आडव्या पट्ट्या, पट्ट्यांवर द्राक्षाचा वेल,
म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला मांडव दिसावा,
आधार दिसू नये.
बाक मी आणि ब्लाझने केला.
ते "नंतर" एकदाचं आलं होतं.
मग मागच्या दाराच्या कपाळावर
तिने बारावी पाटी ठोकली:
डोंगराला ओळंबा लावून बघणारा एक माणूस,
तोंडात पेन्सिल, चेहऱ्यावर नापसंती.

बाबा मान वळवून वळवून थकले.
मग त्यांनी हात वर केला,
रंगाच्या जाड रेघेवरून बोट फिरवलं,
शिखरापर्यंत, आणि खाली.
"डोंगर कललाय," म्हणाले.
"असू दे," आई म्हणाली, "दुरून साजराच दिसतो."

बाकही कललाय, उजवीकडे.
बसलं की दोघं एकमेकांकडे घसरतात.
पायाखाली पाचर मारायची म्हणून
मी दर रविवारी हातोडी घेऊन जाते,
आणि कशाला तरी, कुठल्या तरी कामाला,
ती तशीच परत आणते.