पाऊणपट

सर्जेकोटची वीज रात्री नऊला परतते.
मग वहीतलं कॉम्प्युटरवर टाइप करून
वायरीतून कॅल्क्युलेटरमध्ये उतरवतो:
एकशे बारा ओळी, साइन, चंद्राचा कोन.
पडदा म्हणतो, मेमरी भरली.

जाळं तुणता तुणता जनूकाका,
"काय सोदतस रे?"
"भरतीची वेळ."
"तिथयेची पावणपट कर. झाला."

पुसत गेलो. एक ओळ उरली.
आज षष्ठी, म्हणजे साडेचार.

साडेचारला धक्क्यावर उभा.
पाणी वरच्या पायरीवरून उतरू लागलेलं,
दगड वीतभर ओला.
"आमचा पाणी वायंच आधी भरता,"
काका म्हणाले, "ह्या रे कसला सांगूचा?"

रात्री अर्धा तास वजा केला,
पुन्हा वायर जोडली.
प्रोग्रामला नाव आठच रोमन अक्षरांचं चालतं.
जनूतारी
नेमकं बसलं.